किडनी बदलल्यावर दुपारी चढणारी आणि पहाटे उतरणारी साखर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ५८, वजन ६४ किलो. किडनी बदलून पाच आठवडे झाले, किडनी आईने दिली. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) १.२ वर स्थिर आहे. आधी मधुमेह नव्हता. सकाळी आठला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड २० मिलिग्रॅम, दोन वेळा टॅक्रोलिमस, शिवाय मायकोफेनोलेट (ही तिन्ही शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून) आणि संसर्ग टाळण्यासाठी सेप्ट्रान चालू आहे. उपाशीपोटी साखर ९५ ते १०५, दुपारच्या जेवणानंतर २७०, रात्रीच्या जेवणाआधी २४०. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ५.६. जवळच्या डॉक्टरांनी रात्री दहाला ग्लार्जिन या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचे १४ युनिट सुरू केले. चौथ्या रात्री तीन वाजता घामाने अंथरूण भिजले, साखर ५६ निघाली. दिवसाची साखर मात्र होती तिथेच. हा मधुमेह कायमचा का, गोळीवर भागेल का, टॅक्रोलिमस बदलले तर सुटका होईल का, आणि आषाढीचा उपवास चालेल का, असे विचारले आहे.

तुम्ही दिलेल्या आकड्यांतच बरेचसे उत्तर आहे. सकाळी साखर जवळपास नॉर्मल, दुपारपासून चढत जाणारी, मध्यरात्रीनंतर आपोआप खाली येणारी. असा आलेख दिसला की प्रेडनिसोलोन किती वाजता घेतले ते न विचारताही सांगता येते. सकाळी आठला घेतलेल्या गोळीचा साखरेवरचा जोर चार ते आठ तासांनी सर्वांत जास्त असतो, म्हणजे बारा ते चारच्या दरम्यान. तो बारा ते सोळा तासांत ओसरतो. नेमक्या याच वेळेत आपल्याकडे वरणभाताचे जेवण होते आणि पाच वाजता चहाबरोबर बिस्किटे किंवा चिवडा पोटात जातो. रात्री दोन-तीनला स्टेरॉइडचा जोर उरलेला नसतो, पोटही रिकामे असते.

ग्लार्जिन चोवीस तास जवळपास सपाट चालते. रात्री दहाला दिलेले १४ युनिट पहाटे तीनलाही तितक्याच जोमाने साखर खाली ओढतात आणि दुपारी दोनच्या डोंगरापुढे अपुरे पडतात. मग दिवसाची साखर हटत नाही म्हणून कोणीतरी १४ चे १८ करते आणि पहाटेचा धोका आणखी वाढतो. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत साखर धोकादायक उतरण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. वडिलांना आधी मधुमेह नव्हता आणि उपाशीपोटीची साखर इन्सुलिनशिवायही ठीक होती, तेव्हा रात्रीच्या ग्लार्जिनची त्यांना गरज नाही. आज रात्रीच्या डोसआधी प्रत्यारोपण केंद्राला फोन करून पहाटेचा ५६ चा आकडा सांगा. तो कळल्यावर हे इन्सुलिन कोणी चालू ठेवणार नाही.

त्याच्या जागी सकाळचे एनपीएच घ्यावे. हे जुने, स्वस्त, गढूळ दिसणारे इन्सुलिन आहे. सकाळी प्रेडनिसोलोनबरोबर टोचले की चार ते दहा तासांत त्याचा जोर शिगेला पोहोचतो आणि रात्रीपर्यंत बहुतेक ओसरतो. स्टेरॉइडचा आणि याचा आलेख एकावर एक बसतो. डोसाचा प्रचलित ठोकताळा असा: प्रेडनिसोलोनच्या दर १० मिलिग्रॅममागे वजनाच्या प्रत्येक किलोला ०.१ युनिट, आणि ४० मिलिग्रॅम किंवा त्यापुढे कितीही स्टेरॉइड असले तरी ०.४ युनिटवर थांबायचे. वडिलांचा हिशेब ६४ गुणिले ०.२, म्हणजे जवळपास १३ युनिट. पण नुकतीच साखर ५६ वर गेली होती आणि ग्लार्जिनचा शेवटचा अंश अंगात असणार, म्हणून पहिल्या दिवशी १० युनिटपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. वय सत्तरीकडे झुकलेले असेल किंवा नवी किडनी अजून संथ असेल, तर हिशेबाच्या पाऊण भागच घ्यावा.

पुढे डोस कमीजास्त करताना उपाशीपोटीचा आकडा पाहू नका, रात्रीच्या जेवणाआधीचा पाहा. तो सलग दोन-तीन दिवस १८० च्या वर राहिला तर २ युनिट वाढवायचे. १०० च्या खाली आला तर त्याच दिवशी ठरवून दुसऱ्या सकाळी २ युनिट कमी करायचे, तिसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. संध्याकाळचा आकडा ताब्यात आला आणि दुपारच्या जेवणानंतरचा तेवढा २५० च्या वर अडून बसला, तर दुपारच्या जेवणाआधी जलद इन्सुलिनचे ४ युनिट जोडतात. काही केंद्रे प्रेडनिसोलोन दोन वेळा विभागून देतात. त्यात रात्रीही स्टेरॉइड अंगात असते, म्हणून हा सगळा हिशेब बदलतो आणि एकच सकाळचा डोस पुरत नाही.

यात सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे स्टेरॉइड उतरते तेव्हा इन्सुलिनही उतरायला हवे, आणि तेही त्याच सकाळी. येत्या आठवड्यांत प्रेडनिसोलोन २० वरून १५, मग १०, शेवटी ५ किंवा ७.५ वर येईल. १५ झाले की एनपीएच पाव हिश्श्याने कमी, १० झाले की सुरुवातीच्या निम्मे. ५ वर आल्यावर हिशेबाने तीन युनिट उरतात, आणि इतक्याने फारसे काही साधत नाही, तेव्हा बहुतेकांचे इन्सुलिन बंदच होते. अडचण अशी होते की स्टेरॉइड नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) कमी करतात आणि इन्सुलिन मधुमेहाचे डॉक्टर पाहतात. दोन वेगळ्या चिठ्ठ्या, दोन वेगळ्या तारखा, आणि मधल्या दहा दिवसांत साखर ६० वर. एकाच वहीत तारीख, प्रेडनिसोलोनचा डोस, एनपीएचचा डोस आणि चार वेळची साखर असे रकाने आखा आणि दोन्ही डॉक्टरांसमोर तीच वही ठेवा. स्टेरॉइडचे नाव बदलले तरी गणित ठाऊक असू द्या: प्रेडनिसोलोन ५ म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन ४ म्हणजे डेफ्लाझाकॉर्ट ६ मिलिग्रॅम. डेफ्लाझाकॉर्ट साखरेला थोडे सौम्य मानले जाते, पण तेवढ्या भरवशावर तपासणे सोडू नये.

टोचण्याबद्दल एक चूक अशी आहे की तिने माणूस बेशुद्ध होऊ शकतो, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. पेनचे काडतूस आणि काही बाटल्या १०० युनिटच्या असतात, त्यांची सिरिंज नारिंगी टोपणाची. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज असा मेळ झाला, तर १० युनिट समजून २५ युनिट अंगात जातात. उलट झाले तर १० च्या जागी ४ च जातात आणि साखर का हटत नाही हे कोणालाच कळत नाही. दुकानदाराने बाटलीचा प्रकार बदलून दिला की सिरिंजही पाहून घ्या. पेनचे काडतूस सिरिंजने उपसून वापरणे तर पूर्ण बंद.

एनपीएच टोचण्याआधी बाटली किंवा पेन दोन्ही तळव्यांत दहा-वीस वेळा हळू घोळवायचे, पांढरा साका सारखा मिसळेपर्यंत. जोरात हलवू नका. न घोळवता घेतले तर वरचे पातळ पाणी एका दिवशी आणि तळाचा गाळ दुसऱ्या दिवशी, असा रोज वेगळाच डोस जातो. गोळे किंवा दाणे दिसले तर ती बाटली टाकून द्या. नवीन बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी, फ्रीझरला चिकटून नको. वापरातली साधारण चार आठवडे घरातल्या थंड जागी चालते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात ‘घरातली थंड जागा’ म्हणजे ओले फडके गुंडाळलेले मातीचे मडके. बाटली त्यात थेट पाण्यात न बुडवता डबीत घालून ठेवावी. नवी किडनी पोटाच्या खालच्या बाजूला, बहुधा उजवीकडे असते. त्या बाजूचा व्रण आणि त्याभोवतीचा भाग सोडून दुसऱ्या बाजूला किंवा मांडीवर टोचा. चार मिलिमीटरची सुई पुरते. रोज दोन बोटे जागा सरकवा, नाहीतर गाठी होतात आणि गाठीतून इन्सुलिन नीट शोषले जात नाही.

तपासणी दिवसातून चार वेळा करावी: उपाशीपोटी, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, रात्रीच्या जेवणाआधी, झोपताना. पट्ट्यांचा खर्च फार होत असेल आणि एकच वेळ निवडायची असेल, तर रात्रीच्या जेवणाआधीची निवडा. आठवड्यातून एकदा पहाटे तीनची. लॅबच्या पॅकेजमध्ये फक्त फास्टिंग असते, ती नॉर्मल आली की घरचे निर्धास्त होतात. या आजारात नेमकी तीच तपासणी सर्वांत उशिरा बिघडते. ग्लुकोमीटरच्याही खोड्या आहेत. फळ सोलून न धुतलेल्या बोटाने घेतलेली साखर सहज खोटी चढती दिसते. हिमोग्लोबिन फार कमी असले की बऱ्याच यंत्रांवर आकडा जास्त येतो.

एचबीएवनसी ५.६ आले म्हणून समाधान मानू नका. ही तपासणी तांबड्या पेशी सुमारे तीन-चार महिने जगतात हे धरून चालते. डायलिसिसवर त्या लवकर मरतात, एरिथ्रोपोएटिन या रक्तवाढीच्या इंजेक्शनाने नव्या पेशी येतात, शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त चढते, आणि नवी किडनी चालू झाली की पुन्हा भराभर ताज्या पेशी तयार होतात. ताज्या पेशींना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो, म्हणून आकडा खोटा कमी येतो. सेप्ट्रानची ॲलर्जी निघून त्याऐवजी डॅप्सोन सुरू केले तर आणखी खाली जातो. पहिल्या वर्षात जास्त आलेले एचबीएवनसी खरे धरावे, नॉर्मल आलेल्यावर विसंबू नये.

आता कायमचा का. आज त्याला मधुमेह हे नावही द्यायचे नाही. २०१३ साली व्हिएन्नात झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ठरले की घरी जाऊन औषधे स्थिर झाल्यावरच हे निदान करावे. साधारण ४५ दिवसांआधी ते करत नाहीत. त्याआधी बहुतेकांची साखर शस्त्रक्रिया आणि स्टेरॉइडमुळे वाढलेली असते. वडिलांचा आज पस्तिसावा दिवस आहे. तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला, प्रेडनिसोलोन कमीत कमी डोसावर आल्यावर, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर पाहायची. दोन तासांची २०० किंवा जास्त, अथवा उपाशीपोटीची १२६ किंवा जास्त आली, तर मधुमेह. १४० ते १९९ म्हणजे उंबरठ्यावर. यात ज्यांचे इन्सुलिन सुटते तेही मोकळे होत नाहीत. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी तपासत राहायचे, कारण टॅक्रोलिमस चालूच असते आणि वजन वाढायला लागते. किडनी चांगली चालल्यावर तोंडाला चव येते, पथ्ये सुटतात आणि पहिल्या वर्षात वजनाचा काटा सरकतो. घरात आजी-आजोबांना मधुमेह, पोटाचा घेर, हेपटायटिस सी किंवा सीएमव्ही या विषाणूचा संसर्ग यांनी धोका आणखी वाढतो.

टॅक्रोलिमसचा वाटा खरा आहे. स्टेरॉइड इन्सुलिनची मागणी वाढवते: यकृत साखर ओतत राहते आणि स्नायू ती घेत नाहीत. टॅक्रोलिमस पुरवठा तोडते: ते ज्या कॅल्सिन्यूरिन या एन्झाइमला अडवून प्रतिकारशक्ती दाबते, ते कॅल्सिन्यूरिन स्वादुपिंडातल्या बीटा पेशींनाही लागते. एकाच वेळी मागणी वाढली आणि पुरवठा घटला की आधी नॉर्मल असलेल्या माणसाचीही साखर २७० होते. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या इतर औषधांत सायक्लोस्पोरिनचा हा दोष कमी आहे, मायकोफेनोलेट आणि अझाथायोप्रिनचा जवळपास नाही. सिरोलिमस-एव्हरोलिमसला मात्र साखरेच्या बाबतीत निर्दोष समजू नका.

तरी पाचव्या आठवड्यात साखरेसाठी टॅक्रोलिमस बदलणे मला पटत नाही. पहिले तीन ते सहा महिने रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारण्याचा, धोका सर्वांत जास्त असतो. साखर इन्सुलिनने ताब्यात येते, पण रिजेक्शनमध्ये गेलेली किडनी परत येत नाही. शिवाय रिजेक्शन झाले तर उपचार म्हणून मिथाइलप्रेडनिसोलोन बहुधा ५०० मिलिग्रॅम सलग तीन दिवस शिरेतून देतात, म्हणजे प्रेडनिसोलोनच्या ६२५ मिलिग्रॅमइतके. त्या तीन दिवसांत साखर ४०० पार करू शकते. ज्या साखरेसाठी औषध बदलले तीच दुप्पट होऊन समोर येते. टॅक्रोलिमसऐवजी सायक्लोस्पोरिन देऊन काही जणांचा मधुमेह मागे हटल्याचे अभ्यासांत दिसले आहे, पण तो निर्णय स्थिर झालेल्या, रिजेक्शनचा धोका कमी असलेल्या रुग्णात, नेफ्रॉलॉजिस्टने घ्यायचा. स्वतःहून डोस गाळणे तर सोडाच, वेळही तासभरापेक्षा जास्त हलू देऊ नका.

बदलण्याआधी टॅक्रोलिमसची लेव्हल (रक्तातली पातळी) गरजेपेक्षा जास्त तर नाही ना, हे पाहणे जास्त कामाचे. लेव्हलसाठी रक्त सकाळचा डोस घेण्याआधी, आदल्या डोसानंतर बारा तासांनी द्यायचे. गोळी घेऊन दिलेले रक्त फसवी जास्त लेव्हल दाखवते आणि डोस विनाकारण कापला जातो. जुलाब झाले की लेव्हल चढते. बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल, अँटिबायोटिक क्लॅरिथ्रोमायसिन, रक्तदाबाचे डिल्टियाझेम यांनीही चढते. (आपल्याकडे टॅक्रोलिमसचा खर्च वाचावा म्हणून काही जण मुद्दामच डिल्टियाझेम जोडतात. ते कोणी न विचारता बंद केले तर लेव्हल कोसळते.) रिफाम्पिसिनने ती इतकी पडते की क्षयरोगाचे उपचार प्रत्यारोपण केंद्राशी बोलल्याशिवाय सुरूच करू नयेत. फळांत ग्रेपफ्रूट वर्ज्य हे सगळ्यांना सांगितले जाते, पण आपल्याकडे खरा उमेदवार पपनस आहे. ते त्याच जातकुळीतले, टॅक्रोलिमस वाढवणारे. मोसंबी-संत्र्याचा तसा त्रास नाही. कंपनी बदलली, स्वस्तातली जेनेरिक घेतली, तर आठवड्याभरात लेव्हल पुन्हा करा.

एक छोटी पण दुर्लक्षित तपासणी म्हणजे मॅग्नेशियम. टॅक्रोलिमसने ते लघवीवाटे निघून जाते, आणि कमी मॅग्नेशियम असलेल्यांत साखर जास्त चढते. गोळी दिली तर ती मायकोफेनोलेटपासून दोन तास लांब ठेवा, नाहीतर मायकोफेनोलेट नीट शोषले जात नाही.

गोळीवर भागेल का? आत्ता, प्रेडनिसोलोन २० आणि साखर २७० असताना, नाही. प्रेडनिसोलोन १० किंवा खाली आले, रात्रीच्या जेवणाआधीची साखर २०० च्या आत आली आणि इन्सुलिन ८-१० युनिटवर आले, की गोळीचा विचार सुरू होतो. पहिली पसंती ग्लिप्टिन गटाला. लिनाग्लिप्टिन ५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, किडनी कशीही असली तरी डोस तोच. सिटाग्लिप्टिनचा डोस इजीएफआर (किडनी किती रक्त गाळते त्याचा आकडा) ४५ च्या खाली गेला की १०० वरून ५० आणि ३० च्या खाली २५ करावा लागतो. व्हिल्डाग्लिप्टिन चांगले आहे, पण यकृताची एन्झाइम वाढलेली असतील तर नको, म्हणून यकृत प्रत्यारोपणात ते टाळतात. ही औषधे जेवणानंतरच्या साखरेवर काम करतात, एकटी घेतली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरवत नाहीत आणि टॅक्रोलिमसशी भांडत नाहीत.

मेटफॉर्मिनला उगाच घाबरले जाते. इजीएफआर ४५ च्या वर स्थिर असेल तर ते चालते. ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करू नये, आधीपासून असेल तर दिवसाला १ ग्रॅमवर थांबावे. ३० च्या खाली बंद. पण पहिल्या काही महिन्यांत क्रिएटिनिन वरखाली होते, जुलाब होतात, कॉन्ट्रास्ट घालून स्कॅन होतात, म्हणून घाई नको. शिवाय मेटफॉर्मिन आणि मायकोफेनोलेट दोन्ही पोट बिघडवतात. दोन्ही एकदम वाढवले तर जुलाब कशाने होतात तेच कळत नाही.

ग्लिबेनक्लामाइड (स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी) हे नाव चिठ्ठीवर दिसले तर परत विचारा. किडनीच्या रुग्णात ते दीड-दोन दिवस अंगात रेंगाळून पुन्हा पुन्हा साखर पाडते. याच गटातले द्यायचेच तर ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिपिझाइड, सकाळी, कमी डोसात. तेव्हाही सेप्ट्रान, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांच्यासोबत साखर अचानक उतरू शकते हे ध्यानात ठेवा. लघवीच्या संसर्गाला ही औषधे सर्रास दिली जातात. रेपाग्लिनाइड सायक्लोस्पोरिनवर असलेल्यांना नको, त्याची रक्तातली पातळी कितीतरी वाढते. पायोग्लिटाझोनने पायावर सूज येते आणि स्टेरॉइडने आधीच ठिसूळ होणारी हाडे आणखी मोडकी होतात. अकार्बोजने पोट फुगून जुलाब होतात, आणि जुलाबाने टॅक्रोलिमस चढते हे वर आलेच.

एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या लघवीतून साखर काढणाऱ्या गोळ्यांबद्दल हल्ली प्रत्येक जण विचारतो. ऑस्लोच्या चाचणीत किडनी प्रत्यारोपणाच्या स्थिर रुग्णांत एम्पाग्लिफ्लोझिनने साखर थोडी आणि वजन दोन-अडीच किलो कमी झाले. उपयोगी औषध आहे, पण पाचव्या आठवड्याचे नाही. आत डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवलेली नळी) असताना किंवा नुकताच काढलेला असताना, प्रतिकारशक्ती सर्वांत दाबलेली असताना, लघवीत साखर ओतणे म्हणजे बुरशीला आणि जंतूंना आमंत्रण. सहा महिने-वर्षभराने, क्रिएटिनिन स्थिर, संसर्ग नाही, अशा वेळी नेफ्रॉलॉजिस्टशी बोलून सुरू करावे. उपवास, उलट्या आणि शस्त्रक्रियेआधीचे तीन दिवस ते बंद, कारण साखर २०० च्या आत दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकते. सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने वजनदार रुग्णाला पुढे उपयोगी पडतात. सुरुवातीच्या मळमळीत पाणी कमी पडून क्रिएटिनिन वाढते, तेवढे सांभाळावे.

साखर उतरली तर काय करायचे, हे या रुग्णांत थोडे वेगळे आहे. ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर: सपाट तीन छोटे चमचे पाण्यात घालून, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० खाली असेल तर पुन्हा तेवढीच. वर आली की पोळीचा तुकडा किंवा दोन साधी बिस्किटे. शहाळ्याचे पाणी किंवा संत्र्याचा रस मात्र नको. टॅक्रोलिमस आणि सेप्ट्रान दोन्ही पोटॅशियम वाढवतात, त्यात शहाळ्याची भर कशाला. चॉकलेटमधल्या तुपकट भागामुळे साखर सावकाश चढते, तेही नको. दुसरी गंमत अशी की टॅक्रोलिमसने हात थरथरतात, विशेषतः गोळीनंतर तास-दोन तासांनी. घरचे ती थरथर साखर उतरल्याची समजून साखर चारतात, आणि साखर २५० ची ३२० होते. थरथर झाली की आधी बोट टोचा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. मेटोप्रोलोलसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर धडधड जाणवत नाही, घाम तेवढा फुटतो.

लक्ष्य जेवणाआधी १०० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८० पर्यंत. सहा महिन्यांनंतर एचबीएवनसी ७ ते ७.५. त्याहून खेचून खाली आणायचा हट्ट नको. वय जास्त, हृदयविकार किंवा आधी साखर उतरून पडझड झालेली असेल, तर आणखी सैल.

जेवणात भात पूर्ण बंद करण्यापेक्षा तो दुपारचा कमी करा, कारण स्टेरॉइडचा जोर दुपारी असतो. सकाळचे पोहे-उपमा तुलनेने चालून जातात, दुपारी वाटीभर भात आणि एक पोळी किंवा भाकरी, भरपूर शिजवलेली भाजी, घट्ट वरण किंवा उसळ. पाचचा चहा बिनसाखरेचा, सोबत मूठभर फुटाणे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत जखम भरायला प्रथिने जास्त लागतात, किलोला १.२ ते १.४ ग्रॅम, म्हणजे वडिलांना दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम. साखरेच्या भीतीने डाळ, अंडे, दही, पनीर कापू नका. मोड आलेली कडधान्ये मात्र शिजवूनच. चिरून ठेवलेले सॅलड, उसाचा रस, पाणीपुरी बंद. पंचामृतात कच्चे दूध असते, तेव्हा तीर्थ म्हणून थेंबभरही नको, नुसते हात जोडावेत.

आषाढीचा उपवास यंदा नाही. सहा महिन्यांच्या आत, इन्सुलिन चालू असताना, हा प्रश्नच येऊ नये. पुढे साखर स्थिर असेल तर फराळाचा उपवास करता येतो, निर्जळी मात्र कधीच नाही. टॅक्रोलिमस ठरल्या वेळी पाण्याबरोबर घ्यायचेच, आणि तहानलेल्या किडनीला टॅक्रोलिमस आणखी आवळते. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा आणि वर केळे असा फराळ साखर आणि पोटॅशियम दोन्ही चढवतो. थोडी भगर, राजगिऱ्याची भाकरी, ताक, दुधी किंवा काकडीची शिजवलेली भाजी हे त्यातल्या त्यात बरे.

साखरेसाठी म्हणून आणलेले काढे, चूर्णे, भस्मे घरात ठेवू नका. गुळवेल विशेषतः. करोनाच्या काळात मुंबईत गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि जी वनस्पती प्रतिकारशक्ती जागवते म्हणून विकली जाते ती प्रतिकारशक्ती दाबून जगणाऱ्या माणसाने घ्यायची कशाला? कारल्याची आणि मेथीची भाजी खुशाल खा, अर्क-रस नको.

ज्यांना प्रत्यारोपणाआधीपासूनच मधुमेह आहे त्यांचा मार्ग वेगळा आहे. डायलिसिसवर असताना इन्सुलिन किडनीतून निघून जात नाही, भूकही मेलेली असते, म्हणून अनेकांचे इन्सुलिन अगदी कमी होते किंवा सुटते आणि ‘मधुमेह गेला’ असे वाटते. नवी किडनी इन्सुलिन निकाली काढू लागली, स्टेरॉइड आले, भूक लागली की तो पूर्वीपेक्षा जोराने परततो. अशांना रात्रीचे लांब पल्ल्याचे इन्सुलिनही लागते आणि जेवणाआधीचे जलदही, वर सकाळचे एनपीएच. टाइप १ असेल तर लांब पल्ल्याचे इन्सुलिन एका दिवसासाठीही बंद करायचे नाही. यकृत प्रत्यारोपणात स्टेरॉइड बहुधा काही महिन्यांत पूर्ण सुटते, त्यामुळे साखर आवरण्याची संधी जास्त असते. हृदय आणि फुप्फुसाच्या रुग्णांत डोस चढे आणि जास्त दिवस असतात, तिथे इन्सुलिन लांबते.

आजारपणाचे दोन-चार नियम फ्रिजवर चिकटवून ठेवा. उलट्या-जुलाबात मेटफॉर्मिन आणि लघवीतून साखर काढणाऱ्या गोळ्या त्या दिवसापुरत्या बंद, स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस चालू. ते पोटात टिकत नसेल तर घरी थांबू नका, त्याच दिवशी केंद्रात जा. साखर दोनदा ३०० च्या वर आणि सोबत उलट्या, ताप १००.४ किंवा जास्त, लघवी कमी, नव्या किडनीवर दुखणे, यांपैकी काहीही झाले तरी तेच. आणि नाकातून काळपट किंवा रक्ताळ स्राव, गालाचे-डोळ्यामागचे दुखणे, एका बाजूचा चेहरा बधिर वाटणे ही म्युकरमायकोसिसची लक्षणे आहेत. चढी साखर आणि स्टेरॉइड एकत्र आले की काय होते हे २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने पाहिले आहे. या रुग्णांना ताप येईलच असे नाही, म्हणून सकाळपर्यंत वाट पाहू नका, रात्रीच निघा.